रात्री अकराला भिंतीला हात लावून पाहा

माननीय गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,



उन्हाळा सुरू झाला की मोबाइलवर सरकारी सूचना येऊ लागतात. दुपारी घराबाहेर पडू नका, पाणी पीत राहा, सुती कपडे वापरा, लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना घरातच ठेवा. सूचना योग्य आहेत. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. पण या सगळ्या सूचना एक गोष्ट गृहीत धरतात, की ऊन बाहेर असतं आणि घरात सावली असते. मुंबईत असंख्य माणसं अशा घरांत राहतात जिथे दुपारपेक्षा रात्र जड जाते आणि बाहेरच्यापेक्षा आत जास्त उकडतं. ही घरं सरकारच्या योजनेतून, सरकारच्या नियमांनी, सरकारच्या सहीशिक्क्याने उभी राहिली आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला.

मी पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन इमारतीत सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहते. रस्ता रुंद झाला तेव्हा आमची झोपडी गेली आणि हे 225 चौरस फुटांचं घर मिळालं. नोकरी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात, नकाशे काढण्याची. दिवसभर मी अशा इमारती कागदावर काढते आणि रात्री तशाच एका इमारतीत झोपते. त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत, आणि माझ्या हातून निघालेल्या रेघांची जबाबदारीही मला टाळता येत नाही.

आमच्या घराची एक भिंत पश्चिमेला आहे. दुपारी दोनपासून सूर्य बुडेपर्यंत तिच्यावर ऊन असतं. सिमेंटची भिंत उष्णता लगेच आत सोडत नाही, आधी पोटात साठवते. सहा इंचांतून आतल्या अंगाला यायला त्या उष्णतेला काही तास लागतात. म्हणजे बाहेर संध्याकाळ होऊन हवा उतरायला लागते, तेव्हा आमच्या घरात दुपार सुरू होते. वर गच्चीचा स्लॅब, तोही दिवसभर तापलेला. मे महिन्यात रात्री अकराला त्या भिंतीला हात लावला, तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावल्यासारखं वाटतं.

आई संध्याकाळी पाचच्या आधी बादल्या भरून ठेवते, कारण त्यानंतर नळाला गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी येतं. झोपण्याआधी ती लादी दोनदा पुसून घेते आणि उंबऱ्याकडे डोकं करून आडवी होते. पॅसेजच्या टोकाला एक झरोका आहे. वारा आलाच तर तिथून येतो. रात्री दोन-अडीचपर्यंत तिच्या हातातला पुठ्ठा हलत असतो. तो थांबला की मला कळतं, आईला झोप लागली.

झोपडीत सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. पत्र्याखाली दुपारी बसवत नसे, डोकं भणभणायचं. पण पत्रा पातळ असतो. जितक्या लवकर तापतो तितक्याच लवकर निवतो. रात्री नऊला तो गार झालेला असायचा, आणि नसला तरी दारासमोर गल्ली होती. खाट बाहेर काढली की झालं. सातव्या मजल्यावर ती गल्ली नाही. गच्चीला कुलूप आहे. कुलूप का आहे तेही मला पटतं, कठड्याची उंची कमी आहे आणि मुलं वर जातात. पण पुरुष माणसं खाली जाऊन रिक्षात, हातगाडीवर, दुकानाच्या फळीवर झोपू शकतात. बायका आणि मुली कुठे जाणार?

त्या दार उघडं ठेवतात. मधोमध पॅसेज, दोन्ही अंगांना समोरासमोर घरं, अशी आमच्या मजल्याची रचना आहे. घराला खिडक्या एकाच बाजूला. हवेला आत यायला वाट असून भागत नाही, बाहेर पडायलाही वाट लागते, आणि ती वाट म्हणजे घराचं दार. दार उघडलं तर समोरच्याच्या घरातलं सगळं दिसतं, आपलंही दिसतं. बंद केलं तर हवा कोंडते. समोरच्या घरातली मुलगी यंदा दहावीला होती. ती पूर्ण कपड्यांत, ओढणी घेऊन, उघड्या दारात बसून रात्री अभ्यास करायची. दार लोटून पंख्याखाली सैलसर कपड्यांत बसणं तिच्या घरी शक्य नव्हतं. अहवालांमध्ये या सगळ्याला ‘थर्मल कम्फर्ट’ म्हणतात. आमच्या मजल्यावरच्या बायका म्हणतात, घर बसू देत नाही.

खालच्या मजल्यांची तऱ्हा वेगळी. पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. त्यांच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर लागेल असं वाटावं इतक्या जवळ, दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. मधल्या बोळात वरून कचरा पडतो, ड्रेनेजचे पाइप गळतात, घुशी फिरतात. म्हणून काकूंनी खिडकी कायमची बंद केली आणि तिला प्लास्टिक लावलं. तिथे ऊन पोहोचत नाही, तरीही उकडतं, कारण चार माणसांचे श्वास, गॅसची शेगडी, फ्रिजची पाठ आणि ओले कपडे यांची वाफ जाणार कुठे? वर भिंत तापते, खाली हवा सडते.

अशा बोळांनी काय होतं हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. मानखुर्द-गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात-आठ मजली इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांसोबत तिथे, शेजारच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणि आणखी एका वसाहतीत पाहणी केली. 2018 मध्ये अहवाल आला. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयाचा रुग्ण सापडला. इमारतींमध्ये जास्त मोकळी जागा असलेल्या तिसऱ्या वसाहतीत हे प्रमाण शंभर घरांमागे एक असं होतं. उजेड आणि वारा जिथे पोहोचत नाही तिथे जंतू टिकतात, हे डॉक्टर शंभर वर्षं सांगत आले आहेत. तोच कोंडलेला वारा उन्हाळ्यात उष्मा धरून ठेवतो. आजार दोन, बोळ एकच.

आता माझ्या कामाच्या टेबलावरची एक गोष्ट सांगते, कारण ती आकड्यात आहे आणि आपल्या खात्याला आकडे समजतात. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर 2018 मध्ये ‘इको-निवास संहिता’ काढली. उष्ण-दमट हवामानात, म्हणजे मुंबईसारख्या ठिकाणी, घराच्या चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश इतकं क्षेत्र प्रत्यक्ष उघडणारं असावं, असं ती सांगते. पॅसेजमध्ये उघडणारं दार त्यात धरत नाहीत. आज पुनर्वसनाचं घर 300 चौरस फुटांचं, म्हणजे 27.88 चौरस मीटरचं असतं. त्याचा एक षष्ठांश होतो 4.65 चौरस मीटर. आम्ही सर्रास काढतो त्या खिडक्या 1.20 बाय 1.20 मीटरच्या, दोन. काचेचं क्षेत्र झालं 2.88. पण त्या असतात स्लायडिंग. एक झडप दुसरीवर सरकते, अर्धी खिडकी कायम बंदच राहते. उघडणारं क्षेत्र उरलं 1.44. संडास-बाथरूमच्या झडपा धरल्या तरी गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे फारसं जात नाही. त्यात डासांची जाळी, त्यात बाहेर काढलेलं ग्रिल आणि ग्रिलमध्ये रचलेलं सामान. घरात माळा नाही, पोटमाळा करता येत नाही, मग माणसं सामान ठेवणार तरी कुठे?

मुंबईत वाऱ्याला इतकं महत्त्व का, हे नागपूरच्या माणसाला चटकन कळणार नाही. तिकडे हवा कोरडी असते. दाराला वाळ्याचा पडदा आणि खिडकीला कूलर लावला की पाणी उडून जातं आणि हवा गार होते. मुंबईच्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की ओली चादर लावली तर घर आणखी वाफाळतं. अंगावरचा घाम उडत नाही, नुसता वाहतो. इथे शरीर निवतं ते फक्त वारा अंगावरून गेला तर. म्हणून वांद्र्याला चालेल ती खिडकी चंद्रपूरला चालणार नाही. तिथे दुपारी लू अडवायची असते आणि भिंत जाड हवी असते. घरकुलांचे नमुने राज्यभर एकाच साच्यातून काढू नयेत, इतकंच इथे नोंदवते. विदर्भातली घरं हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे आणि तो तिकडच्या माणसाने लिहायला हवा.

वारा आणि ऊन यांचं मुंबईतलं भांडण फार जुनं आहे. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचं कडक ऊनही पश्चिमेकडूनच. चार्ल्स कोरिया यांनी 1983 मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ इमारतीत हे भांडण कसं मिटवलं ते आर्किटेक्चरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. पश्चिमेच्या वाऱ्यासाठी घर आरपार उघडं ठेवलं आणि उन्हा-पावसासाठी मधे दोन मजली उंचीचे खोल व्हरांडे घातले. 28 मजले आणि 32 घरं. ती श्रीमंतांची घरं होती आणि तसे व्हरांडे आम्हाला द्या असं मी म्हणत नाही. पण उंच इमारतीत वारा आणता येतो, ऊन अडवता येतं, हे याच शहरात चाळीस वर्षांपूर्वी सिद्ध झालं आहे. आमच्या खिडकीवर दीड फुटाचा सज्जा पुरेशा लांबीचा असता, तरी दुपारचं डोक्यावरचं ऊन काचेवर आलं नसतं.

आणि स्वस्त घरांतही हे जमतं. राजकोटला प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ‘स्मार्ट घर-3’ या 1,176 सदनिकांच्या प्रकल्पात भारत-स्विस सहकार्यातून हेच करून पाहिलं. भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या. खिडक्या सरकत्या नाहीत, दाराप्रमाणे पूर्ण उघडणाऱ्या, आणि अर्ध्या झडपा काचेच्या नसून अपारदर्शक, म्हणजे ऊन आत येत नाही पण वारा येतो. बाथरूमच्या डक्टचा उपयोग घरातली गरम हवा वर ओढून घेण्यासाठी केला. एसी नाही, महागडी यंत्रणा नाही. आपल्याकडे मात्र उलटी वाट धरली आहे. नव्या पुनर्वसन इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकदम ओततात. साइटवर त्याला मायवान म्हणतात. काम झपाट्याने होतं, गळती कमी होते, हे फायदे खरेच आहेत. पण अख्खी बाहेरची भिंत चार-सहा इंची काँक्रीटची होते, आणि काँक्रीट एएसी ब्लॉकच्या जवळजवळ दहापट उष्णता आत वाहून आणतं. लवकर बांधलेल्या त्या घरात माणसाला पुढची पन्नास वर्षं काढायची असतात.

“घर फुकटात मिळालं, आता वाराही मागता?” असं मला तोंडावर विचारलं गेलं आहे. शांतपणे उत्तर देते. घर फुकटात मिळालं नाही. आम्ही बसलो होतो ती जमीन मोकळी झाली. कुठे तिच्यावर रस्ता आला, कुठे विक्रीच्या इमारती आल्या. पुनर्वसन योजनांचं सगळं गणितच त्या जमिनीच्या मोलावर उभं आहे. त्या गणितात विकासकाला जास्त चटईक्षेत्र मिळतं आणि आमच्या इमारतींभोवतीच्या मोकळ्या जागेला सूट मिळते. एरवी उंची वाढेल तशी मोकळी जागा वाढवावी लागते. ही सूट कागदावर बिनखर्चाची दिसते. तिची किंमत काकूंच्या खिडकीत मोजली जाते.

विजेच्या बिलातही मोजली जाते. साधा पंखा 75 वॅटचा. उकाड्यामुळे घरातले दोन पंखे दिवसरात्र चालू राहिले, तर महिन्याला 108 युनिट त्यांचेच होतात. म्हणजे दिवा, टीव्ही, फ्रिज काहीही न धरता घर शंभर युनिटांच्या स्वस्त टप्प्यातून बाहेर पडतं. आता कर्ज काढून एसी घेणारीही घरं आहेत. त्या एसीची गरम हवा त्याच अरुंद बोळात, समोरच्याच्या खिडकीवर. मी त्यांना दोष देत नाही. घरात तान्हं मूल असेल तर आईबाप काय वाटेल ते करतील. पण एकाचं घर गार करायला शेजाऱ्याचं तापवावं लागतं, तिथे घराच्या बांधणीतच चूक आहे.

मंत्रिमहोदय, माझी मुख्य मागणी एकच आहे. घराचं जसं क्षेत्रफळ मोजता तसा घरातला रात्रीचा उष्मा मोजा, आणि तो भोगवटा प्रमाणपत्राच्या अटींमध्ये घाला.

225 चे 269 झाले, 269 चे 300 झाले, धारावीत 350 चं आश्वासन आहे. प्रत्येक फुटासाठी माणसं रस्त्यावर उतरली, सरकारांनी ऐकलं, ते चांगलंच झालं. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत घराच्या फुटांवर जितकी चर्चा झाली तिचा अंशही घरातल्या हवेच्या वाट्याला आला नाही. जे मोजलं जात नाही ते नकाशात येत नाही, हे मी रोज पाहते. आग विझवण्याची सोय नसेल तर प्रमाणपत्र अडतं. लिफ्ट तपासली नसेल तर अडतं. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या मजल्यावर माणूस रात्री झोपू शकतो का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

इमारत डिसेंबरात पूर्ण झाली तर मेचा उष्मा कसा मोजणार, असं अधिकारी म्हणतील. त्याचं उत्तर आमच्याच धंद्यात आहे. नकाशा मंजूर होण्याआधी संगणकावर त्या इमारतीचा मे महिना चालवून पाहता येतो. कोणत्या घरात किती वाजता किती तापमान असेल, वारा कुठून शिरेल आणि कुठे अडेल, हे बांधण्याआधी दिसतं. शिवाय माणसं राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात वरच्या आणि खालच्या मजल्यावर एक-एक तापमापक महिनाभर ठेवा. विकासकाच्या अनामतीचा काही भाग त्या नोंदी येईपर्यंत परत देऊ नका. किती तापमान चालेल हा आकडा तज्ज्ञांनी ठरवावा. भारतातल्या माणसांच्या सवयी धरून असे निकष अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने तयार केले आहेत, परदेशातून काही आणायची गरज नाही. आणि इको-निवास संहिता राज्यांनी आपल्या नियमांत घेतल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही. ती पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीला लागू करा, तिथे सूट ठेवू नका.

ज्या इमारती उभ्या आहेत त्यांचं काय? भिंती आता बदलता येणार नाहीत. पण गच्चीवर पांढरा परावर्तक थर देता येतो. तेलंगणाने 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच आणलं. घराच्या लाकडी दाराबाहेर जाळीचं दुसरं दार बसवता येतं, म्हणजे आमच्या मजल्यावरच्या मुलींना पडदा लावून, कडी घालून हवा घेता येईल. दारावर झरोका काढता येतो. जुन्या चाळींमध्ये तो असायचाच. बोळ साफ ठेवण्याचं काम कोणाचं, सोसायटीचं की महापालिकेचं, हे एकदा लेखी ठरवता येतं. गच्चीचा कठडा उंच करून कुलूप काढता येतं. या सगळ्याला मोठी योजना लागत नाही, खात्याचं एक परिपत्रक आणि थोडा निधी पुरेल.

नव्या गृहनिर्माण धोरणात सरकारने 2030 पर्यंत 35 लाख घरांचं लक्ष्य ठेवलं आहे. ती घरं अजून कागदावर आहेत. कागदावर असताना खिडकी मोठी करायला खोडरबर पुरतो.

सोमवारी आमच्या ऑफिसातून एक नकाशा मंजुरीसाठी जायचा आहे. पुनर्वसनाची इमारत, सोळा मजले, मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना घरं. दारं-खिडक्यांच्या तक्त्यात मी दोनदा पूर्ण उघडणारी खिडकी लिहिली. आमचे साहेब मनाने चांगले आहेत, पण दोन्ही वेळा त्यांनी ती खोडून स्लायडिंग केली. म्हणाले, “नियमात मागत नाहीत, मग विकासक पैसे का घालेल?” मला उत्तर देता आलं नाही. सोळाव्या मजल्यावर पश्चिमेच्या कोपऱ्यात जे घर आहे, त्याच्या खिडकीचा रकाना मी अजून भरलेला नाही.

आपली नम्र,
पूर्व उपनगरातल्या पुनर्वसन इमारतीतली एक रहिवासी